प्रश्नाआधीचं उत्तर

इस्रायलमधल्या ओफाकिमच्या जेमायमाबाईंचा कान असा, की शेजारणीचा मिक्सर सुरू झाला तरी त्याचा सूर कुठला ते सांगतील. हा कान ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या कीर्तनांत, वडिलांच्या पेटीशेजारी बसून तयार झालेला. पण 'राग ओळखा' मंडळात त्यांची पाटी वर्षभर कोरीच.

मंडळ होतं कॉम्प्युटरवर. पुण्याचे नेनेमास्तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे, स्नान उरकून, आपल्या टेपांमधला इवलासा तुकडा सगळ्यांना धाडत. पहिलं बरोबर उत्तर ज्याचं, तो जिंकला. पण पुण्याची शनिवार पहाट म्हणजे ओफाकिमची शुक्रवार रात्र. शब्बातच्या, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाच्या मेणबत्त्या लागलेल्या. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. शनिवारी तारे दिसून शब्बात संपल्यावर बाई तुकडा ऐकत, क्षणात राग ओळखत, आणि बघतात तर शिकागोचे दंतवैद्य घैसास केव्हाच जिंकलेले. वर त्यांची चिठ्ठी, "जेमायमाबाई, झोपलात काय?"

"ह्या डॉक्टरच्या जिभेलाच भूल द्यायला हवी," बाई म्हणत.

डिसेंबरात नेनेंनी जाहीर केलं, की हे शेवटचं कोडं जो जिंकेल त्याने पुढल्या वर्षाचा वार नि वेळ ठरवायची. बाई जिंकल्या असत्या तर एकदाचा तो शनिवार हटवता आला असता.

नवरा सॉलोमन म्हणाला, "अगो जेमा, शब्बातच्या घड्याळाला जोड की कॉम्प्युटर. दिवे आपोआप लागतात, तसं उत्तरही जाईल."

"आणि राग कोण ओळखणार? घड्याळ?"

"मग मी दाबतो बटण. पाप माझ्या नावावर."

"तुमच्या नावावर जागा उरलीय कुठे?"

शुक्रवारी दुपारी नारळाचं दूध गाळता गाळता बाई थबकल्या. नेने शब्बात पाळत नाहीत, पण रागाची वेळ पाळतात! पहाटे संध्याकाळचा राग लावला तर त्यांना दिवसभर अन्न गोड लागायचं नाही. शिवाय दिलेला राग पुन्हा देत नाहीत. ललत झाला, रामकली झाली, भटियार झाला. त्यांच्या ठेवणीतले पहाटेचे राग उरले दोनच, जोगिया नि गुणकली. जुळ्यांसारखे चेहरे. लोक जोगिया म्हणून धावतील, मग नेने गुणकलीच धाडणार. खट्याळ म्हातारा!

हात पुसून बाईंनी लिहिलं, "उद्याच्या कोड्याचं उत्तर: गुणकली. शब्बात शालोम."

मेणबत्त्या लावताना देवाकडे जिंकणं मागितलं नाही, ते बरं दिसत नाही. नेनेंना खोडी सुचू दे, एवढंच म्हणाल्या.

शनिवारी हवदालाची, निरोपाची प्रार्थना झाली, शब्बात निघाला. बाईंनी कॉम्प्युटर उघडला. घैसासांसकट सगळ्यांनी जोगिया लिहिला होता, आणि कोडं होतं गुणकलीचं! घैसास भडकले होते, "प्रश्नच नव्हता, तर उत्तर कसलं?"

खाली नेने, "नियम म्हणतो, पहिलं बरोबर उत्तर. प्रश्नानंतरचंच हवं असं कुठे म्हटलंय? बाईंनी राग नाही, मलाच ओळखलं. बाई, वार सांगा."

"सगळ्यांच्या सोयीचा सांग हो," सॉलोमन म्हणाला.

"सोमवार, पुण्याची दुपार," बाईंनी टाइप केलं. सारंगाची वेळ. नेने खूश.

घैसासांचं उत्तर लगेच आलं, "तेव्हा इथे मध्यरात्र! मी झोपलेला असतो!"

शब्बात संपला होता. जराशी खोडी करायला आता हरकत नव्हती.

"झोपा की, डॉक्टर," बाईंनी लिहिलं. "आम्ही नाही का वर्षभर झोपलो?"