ताप उतरला तरी

आमच्या टोळीत आजारी कोण, हे मुकादमाची बायको ठरवायची. सकाळी ती मानेला हात लावायची. अंग गरम लागलं तर सुट्टी, गार लागलं तर बागेत. दरवर्षी पेठकडून दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या आमच्या बायकांनी हा नियम कधी मोडला नव्हता.

मी तेव्हा नाशिकला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. एका रविवारी गंगापूर रोडच्या होस्टेलवरून बागेवर गेले, तर आई झोपडीत कुडाच्या भिंतीकडे तोंड करून पडलेली. आदल्या दिवशी ताप होता, तो गोळीने उतरला. मान गार होती, पण तिला भाकर नको होती, बोलणंही नको होतं. लेक येणार म्हणून हिचं दुखणं वाढलं, असं बायका बाहेर हसत म्हणत होत्या. घडांची विरळणी टोळीने ठरल्या रकमेत उक्ती घेतलेली. एक माणूस कमी म्हणजे बाकीच्यांवर ओझं. आज उठली नाही तर पुढच्या साली टोळीत घेणार नाही, असं मुकादमकाका तिला सांगून गेले होते.

आई उठायला लागली. मी जाऊन दारात बसले.

काका आले तेव्हा मी सांगायला लागले. कॉलेजात मॅडमनी नुकतंच शिकवलं होतं: पोटाकडून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते. शरीर जंतूंशी झुंजत असलं की ती वर कळवते, आणि मेंदू भूक मारतो, हालचाल थांबवतो. प्रयोगात ज्या उंदरांची ती नस कापली, ते तशा दुखण्यातही बरेचसे हिंडत राहिले. मी अडखळत होते. नीट सांगतेय की नाही, माझं मलाच कळत नव्हतं.

"म्हणजे आम्ही उंदीर का, मास्तरीणबाई?" काका म्हणाले. सगळ्या हसल्या.

"नाय, काका. पण आईची नस कोणी कापलेली नाय. मान गार हाय, आत लढाई चालूच हाय. ती आज उठणार नाय."

मागून आईने माझी ओढणी ओढली. "सरक गं. माझी जागा जाईल."

"जाऊ दे."

टोळी बागेकडे गेली. आई बारीक आवाजात मला शिव्या देत राहिली आणि देता देताच झोपली.

पुढच्या साली काकांनी तिला खरंच आणलं नाही. ती दुसऱ्या टोळीबरोबर आली, आणि अजूनही मला त्यावरून ऐकवते. ऐकवू दे. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, पण मी सांगितलं ते खोटं नव्हतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा दारात बसेन.