शटरचे प्रयोग

हैदराबादच्या हिमायतनगरात बायकोबरोबर कापडाच्या दुकानातून बाहेर पडताना मी अर्ध्या ओढलेल्या शटरवर कपाळ आपटलं, त्याला आता बरेच महिने झाले. मागं वळून दुकानदाराला शेवटचा टोला हाणत मी निघालो आणि त्यापुढचा टोला शटरनं हाणला.

"क्या साब, इत्ता बडा शटर नजर नई आया?" दुकानदार म्हणाला. वाक्य झकास होतं. फरशीवर बसल्या बसल्या मी ते मनात जपून ठेवलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला मी सगळा प्रसंग अभिनयासह ऐकवला. तो खदखदून हसला. डोक्याचा फोटो चांगला निघाला. "काही दिवस डोकं दुखेल, मग आपोआप थांबेल," असं सांगून त्यानं घरी पाठवलं.

ते थांबलं नाही. ट्यूबलाइट लावली की डोळ्यांत सुया टोचायच्या. कुकरची शिट्टी कानातून आरपार जायची. आणि शब्द! बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळींत बारसं असो की सत्यनारायण, प्रसादानंतर लोक किस्से ऐकायला मला घेरून बसतात. असा मी आता किल्ली मागताना "ते... लोखंडाचं..." म्हणून थांबायचो. बायको काही न बोलता किल्ली हातात द्यायची. तिचं ते न बोलणं मला शटरपेक्षा जोरात लागायचं.

नेहमीचे डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, बघू. तिथं जाऊन "आता हे असंच राहणार" असं ऐकायचं? त्यापेक्षा 'बघू' बरं. 'बघू'मध्ये माणूस कितीही दिवस राहू शकतो.

दरम्यान भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. आमच्यात आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर पुढं लग्नकार्यात तोंड दाखवता येत नाही. माणसं मोसंबी घेऊन यायची आणि विचारायची, "पण झालं तरी कसं?" हे मला विचारायचं! मी पांघरूण फेकून उठायचो. बेडरूमचं दार म्हणजे शटर. प्रत्येक प्रयोगात ते आणखी खाली यायचं, दुकानदार आणखी जाड व्हायचा. एकदा तर मी त्यात एक बकरीही घातली. लोक डोळे पुसत म्हणायचे, "तुम्हाला कुठं काय झालंय!" ते जिन्यावरून उतरले की मी पडदे ओढून, तोंडावर ओला टॉवेल टाकून रडायचो. अगदी आवाज न करता, कारण माझा स्वतःचा आवाजही मला सोसायचा नाही.

"झाला प्रयोग?" बायको दारातून विचारायची.

एका रविवारी दुपारी कुकटपल्लीहून मेहुणा त्याच्या बायकोला घेऊन आला. मी त्याला मेंदूच्या डॉक्टरांचं सांगितलं.

"लाइट घ्या, दाजी," तो म्हणाला. म्हणजे मनावर घेऊ नका; हैदराबादेत कुठल्याही संकटावर हेच औषध देतात. "तिथं गेलात की ते काहीतरी शोधून काढणारच. इतकं हसवणाऱ्या माणसाच्या मेंदूला काय धाड भरलीय? ते शटरचं करून दाखवा ना, हिनं पाहिलं नाही."

मला हेच ऐकायचं होतं. कृतज्ञतेनं उठलो. दारात गेलो, मागं वळून टोला हाणला, पुढं फिरलो, आणि...

काही नाही. एखादा शब्द निसटला असता तर सावरलं असतं. इथं सगळंच गेलं होतं. मी एका दारात उभा होतो. समोर दोन माणसं तोंड उघडून वाट पाहत होती, आणि मी इथं कशासाठी उभा आहे ते मला कळेना. चौकट घट्ट धरली.

ती दोघं हसू लागली. "काय ॲक्टिंग आहे!" मेहुणा टाळ्या वाजवत ओरडला. "डोळे बघ, डोळे!" उभ्या जन्मात मला एवढा हशा मिळाला नव्हता.

बायको पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि माझा दंड धरला. "हसू नकोस रे. ह्यांना पुढचं आठवत नाहीये."

"नक्को अक्का, तू पण काय..." म्हणत त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दाजी?"

एखादं वाक्य फेकून वेळ मारून नेता आली असती. मी मुकाट्यानं बसलो.

"पडल्यावर हे हाकेला ओ देत नव्हते," ती भावाला म्हणाली. "बऱ्याच वेळानं डोळे उघडले. ह्यांच्या गोष्टीत ते कधी आलंच नाही."

मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या प्रत्येक प्रयोगात मी शुद्धीवर होतो.

"मग दवाखान्यात सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही बोलू दिलंत होय?"

तिच्या हातांचं पीठ माझ्या बाहीला लागलं होतं. मी मेहुण्याला म्हणालो, "त्या डॉक्टरांची वेळ घे बाबा." मग तिला म्हणालो, "आत तू पण चल. सगळं तूच सांग. मी सांगायला लागलो, तर तेही हसतील."