पहिला झोका

मला राग आला की तो लपवता येत नाही. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

परदेशातून आलेली ती मुलगी माझ्यामुळेच आमच्या घरी राहिली. मी धुळ्यात मराठी शिकवते. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात वर्षभर विनामोबदला इंग्रजी शिकवायला ती येणार होती आणि तिला घर हवं होतं. वडील गेल्यापासून आई एकटी. म्हटलं, सोबत होईल. अट एकच घातली: मराठी माझ्याकडून शिकायची, दर रविवारी, वहीत लिहून. आईची बोली उचलायची नाही. चार लोकांत हसं होईल, असं मी तिला बजावलं.

हे मी उगाच सांगत नव्हते. पाचवीत असताना वर्गात आहिराणी बोलले म्हणून गुरुजींनी हातावर छडी ओढली होती आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला होता. त्या दिवसापासून मी घरीही पुस्तकी मराठीच बोलू लागले. आई आहिराणीत विचारते, मी शुद्ध मराठीत उत्तर देते. हल्ली आमचे फोन दोन मिनिटांत आटोपतात. जेवलीस का, जेवले, ठेव मग.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. आमच्या घरची रीत अशी, की दारातल्या निंबाला दोर बांधायचा, लेकीला पहिल्यांदा झोक्यावर बसवायचं आणि आईने गाणं म्हणत झोका द्यायचा. मी कितीही चिडकी असले तरी त्या झोक्यासाठी दरवर्षी येते. त्या वर्षी बस उशिरा सुटली. पोचले तर झोक्यावर ती बसलेली, आई झोका देतेय, दोघी गळा मोकळा सोडून गाताहेत. भोवती गल्लीतल्या बाया मोबाइल धरून उभ्या.

"दखा, गोरी पोर आपली बोली बोलस!" शेजारची कौतुकाने म्हणाली. हीच बाई नातवाने तोंडातून आहिराणी काढली की त्याच्या पाठीत धपाटा घालते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही बोललो तर छडी, आणि ही बोलली की टाळ्या?

मुलगी मला पाहून झोक्यावरून उतरली. "अक्का, बठ ना. पानी लई येस," म्हणत ती पाणी आणायला वळली.

"वहीतलं सगळं विसरलीस वाटतं?" मी तिच्यावर खेकसले. मग आईकडे वळले. "आणि तू! हे गावंढळ बोलणं तिला कशाला शिकवलंस? मी नको म्हणून सांगितलं होतं ना!"

बायांचे मोबाइल खाली आले. मुलगी पाणी आणायचं सोडून तिथेच उभी राहिली. आई कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"ती परकी शे, तरी दहा महिनामा मनी बोली शिकनी," ती म्हणाली. "रोज सांजले मनाजोडे बठस, दिवसभरनं बठ्ठं सांगस. तू ते मना पोटनी. तीस वरीस व्हयनात, तू मनासंगे बोलनीच नही."

मला वाटलं, आता खूप काही सुनावावं. गुरुजींना, त्या बायांना, या पोरीला. पण गुरुजी कधीच वारले, आणि घरात तर कुणी छडी घेऊन उभं नव्हतं. आईचं तोंड मी बंद केलं होतं, मी एकटीने. मला चीड आली होती ती माझीच, आणि ती काढायची कुणावर?

आईने दोर हातात घेतला. "बठ," ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवून बसले. आईने झोका दिला, पण दरवर्षीसारखं स्वतः गाणं न धरता मी गाण्याची वाट पाहू लागली. लहानपणी तोंडपाठ असलेलं, नंतर दरवर्षी नुसतं ऐकत आलेलं गाणं, पण पहिली ओळच आठवेना. तेवढ्यात मागून ती मुलगी हळू आवाजात शब्द सांगू लागली. मी दातओठ खात तिच्या मागून एकेक शब्द म्हणत गेले.