फुलं वाहायचा क्रम

माझ्या बायकोच्या पहिल्या स्मृतिदिनाची यादी करायला माझा जुना दोस्त कल्याणला घरी आला. शहाडच्या कंपनीत आम्ही एकाच पाळीत होतो. आता तो आमच्या बुद्धविहाराचं काम बघतो. कार्यक्रमात तोच माईकवरून एकेकाचं नाव घेऊन फुलं वाहायला बोलवतो. आधी घरचे, मग पाहुणे, शेवटी मित्रमंडळी. क्रम चुकला तर माणसं कायमची रुसतात.

माझी मुलगी कोलशेतहून आलेली. तिकडे ती तिच्या जोडीदारणीबरोबर राहते. दोघी बायका. ती दुसरी मराठ्यांची. लग्न करायचं होतं, पण कोर्टानं सांगितलं, तसा कायदा नाही.

"काका, तिचं नाव माझ्यामागं घ्या. घरच्यांत," मुलगी म्हणाली.

"मित्रमंडळीत घेतो की."

"मग माझंपण तिथंच घ्या. नाहीतर मी येतच नाही. तुम्हालापण वेगळं बसवायचे ना? मग तुम्हीच कसं करता हे?"

दोस्त तापला. "ए बाई, तिकडे जाऊ नकोस. माझ्या आईला विहिरीला हात लावू देत नव्हते. वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तुम्हाला कोणी पाणी नाकारलं? फ्लॅटमध्ये राहता."

"फ्लॅट भाड्याचा आहे. करार तिच्या नावावर. मालकिणीला सांगितलंय, मी तिची बहीण. आडनावपण आपलं लपवून तिचंच लावलंय. एकाच दारात दोनदा खोटं बोललेय, काका. त्यातलं मोठं कुठलं, तुम्ही सांगा."

दोस्त माझ्याकडे वळला. "तू बोल की रे!"

"वेगळंच आहे ते," मी म्हटलं.

मुलीनं कप खाली ठेवला.

मला खरंच तसं वाटतं. आम्हाला बाहेर मार होता, पण घरात शिरलं की सगळे एक. आपण कोण हे आईबापाला सांगायची भीती नव्हती. हिला आमचीच भीती होती. आईला सांगितलं, मला सांगायला धजली नाही. यात जास्त वाईट कुठलं, ते मला मोजता येत नाही. मी चौथी शिकलेला माणूस.

पण शेवटी शेवटी बायको माझ्या हातची पेज थुंकून टाकायची. त्या दुसऱ्या पोरीच्या हातची प्यायची. हे मी बघितलेलं.

"घरच्यांत लिही," मी म्हटलं.

"समाज काय म्हणेल?"

"समाज पेज पाजायला आलेला का?"

त्यानं लिहिलं.

कार्यक्रमात त्यानं मुलाला बोलावलं, सुनेला बोलावलं, मुलीला बोलावलं. मग कागदाकडे बघितलं आणि माझ्या भावाचं नाव घेतलं. भाऊ उठला. मुलगी फोटोपुढं फुलं घेऊन तशीच उभी. वाहीना, हलेना.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "एक राहिलं."

दोस्तानं तिचं नाव घेतलं, घाईघाईत, ताई न लावता. ती पुढं गेली. दोघींनी मिळून फुलं वाहिली. भाऊ ओंजळ धरून त्यांच्यामागं थांबून राहिला.