फळ्यातली खिडकी

देवाचे नाव ओठांवर बाळगणारे पुष्कळ. पण खडूच्या धुळीतही त्या नावाला जपणारी मावशी विरळाच! तिचे गुण गावे तितके थोडे, आणि तिचे ऋण फेडू म्हटले तर जन्म थोडा.

एरवी ती शिवणकामाच्या दुकानात काज-बटणे करी. रविवारी सकाळी मात्र सिनेगॉगच्या मागच्या खोलीत यहुदी लेकरांना हिब्रू शिकवी. उजवीकडून डावीकडे चालणारी ती लिपी, सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना, घास घेण्याआधीचा आशीर्वाद, सारे प्रेमाने घोटून घेई. रागावली तरी टाका उसवावा तशी, हलक्या हाताने. एकच नियम कडक होता: प्रभूचे पूर्ण नाव फळ्यावर लिहायचे नाही. कारण एकदा लिहिलेले ते नाव पुसत नाहीत. ते नाव असलेली प्रार्थनेची पुस्तके जीर्ण झाली तरी रद्दीत जात नाहीत. माणसासारखी मातीत विसावतात. म्हणून मावशी नावाच्या जागी छोटी खूण करी.

याच वर्गात सुताराची लेक होती. सगळे तिला चिमणी म्हणत. पण चिवचिव कसली! वर्ष सरत आले, तरी तिने ना तोंड उघडले, ना खडू धरला. एका रविवारी सकाळी सुतार सांगूनच गेला होता, "मावशी, आज शेवटचा दिवस. दगडावर पाणी किती ओतायचं?"

मावशी खडू आणायला गेली; परतते तो वर्गात गलका!

"मावशी, चिमणीनं पुस्तकात बघून फळ्यावर प्रभूचं पूर्ण नाव लिहिलं!"

"आता फळाच मातीत पुरावा लागणार!"

"मग अभ्यासाला सुट्टी?"

"तुला सुट्टी? तुझ्या पाठीवर लिहीन!" मावशी म्हणाली.

चिमणी भिंतीला चिकटून रडत होती. तेवढ्यात तिला न्यायला आलेला सुतार दारात थबकला. "बघा! कधी नव्हे तो हात उचलला, तोही घात करायला."

"घात? अरे बाबा, डोळे उघडून बघ. वेडंवाकडं काढलं असतं, तर फडकं मारून मोकळी झाले असते. तुझ्या लेकीनं असं लिहिलंय, की माझा हात पुढे होत नाही!"

सुतार फळ्यापुढे उभा राहिला. तोही याच खोलीत शिकला होता. उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर त्याने निरखले. मग त्याने हत्यारांची पिशवी उघडली, गिरमिटाने नावाभोवती भोके पाडली आणि बारीक करवत जपून फिरवली. खालून चिमणीने ओंजळ धरली होती. तुकडा तिच्याच हातांत उतरला.

"मावशी, नवा फळा करून देतो."

"नको. भोक राहू दे. पुढची पोरं विचारतील, तेव्हा हिनंच सांगायचं. पाठवशील ना?"

"पाठवतो कसला, मीच घेऊन येईन," सुतार म्हणाला.

तो तुकडा जीर्ण पुस्तकांसोबत मातीत गेला, चिमणीनेच ठेवला. फळा अजून तिथेच आहे. ओळ लिहिता लिहिता ती खिडकी येते, तेव्हा लेकरे खडू उचलतात, अलीकडून पलीकडे जातात आणि पुढचे अक्षर लिहितात.