दुसरा मणका

गुणाजी मुंबईला गिरणीत होता, असंच रेवदंड्यात सगळे धरून चालायचे. मीही. बारा वर्षं हा माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचा, गिरणीच्या भोंग्याच्या गोष्टी सांगायचा आणि आम्ही खुळ्यासारखे ऐकायचो. एकतीस साली दम लागायला लागला म्हणून कायमचा घरी आला. त्याचं घर माझ्या वाडीला लागूनच. हात धुण्याची मात्र त्याला भारी खोड, दिवसातनं वीसदा विहिरीवर. मी चिडवायचो, "काय रं गुणाजी, गिरणीचा कापूस अजून निघंना व्हय?" तो नुसता हसायचा.

बत्तीसच्या वैशाखात मी माडावरून पडलो. रोज चढणारा माणूस मी, पण त्या दिवशी धरलेली झावळ सुटून हातात आली आणि मानेवर आदळलो. शुद्ध होती. कळ अशी की बोंबलताही येईना. माणसं धावली. आमच्याकडं पडलेल्या माणसाला आधी उठवून बसवतात, मान ओढून सरळ करतात, मग पाणी पाजतात. माझ्या थोरल्या भावानं, भागोजीनं, काखेत हात घातलेसुद्धा.

"हात काढ," मागून गुणाजी म्हणाला. "उचललास तर जागीच जाईल तो."

"तुला गिरणीवाल्याला काय ठावं?"

मी खालून गुणाजीचं तोंड बघत होतो. त्यानं एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "मी गिरणीत कधीच न्हवतो. डाक्तरकी शिकवतात तिथं होतो. बेवारशी मढी येतात तिथं. शिकणाऱ्या पोरांची चिरून झाली की हाडं उकळायची, घासायची, मणके तारेत ओवायचे. बारा वर्षं त्येच केलं. ह्याची मान मोडलीय."

भागोजीनं हात काढले, पण माझ्या काळजीनं नव्हे, गुणाजी जवळ आला म्हणून. सगळेच दोन पावलं मागं सरले. सरता आलं नाही ते एकट्या मला. गुणाजीनं एक कवाड काढून आणवलं, माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि मला त्यावर घेऊन घरापर्यंत ते सोडलं नाही. अलिबागहून डॉक्टर आला. बघून म्हणाला, ज्यानं हे केलंय त्यालाच पुढचं करू द्या.

मग तीन महिने त्या कवाडावर. डोक्याच्या दोन्ही अंगांना रेतीच्या पिशव्या, कपाळावरची पट्टी कवाडाला बांधलेली. वर सतरा वासे. कूस बदलायची चोरी. दारात कोण आलं ते आवाजावरनं ओळखायचं. बायकोला, ठमाबाईला, उगाच शिव्या घालायचो आणि ती बिचारी ऐकून घ्यायची. जिवंत माणसाला पुरून ठेवलंय असं वाटायचं.

गुणाजी रोज यायचा, मागच्या दारानं, कारण पुढून यायला भागोजीनं बंदी घातली होती. अंग पुसायचा, पळीनं पाणी पाजायचा, पेज भरवायचा. आणि हाडांचं सांगायचा. कवटी म्हणजे एक हाड न्हाय रे, बावीस आहेत, गोधडीसारखे टाके घातलेले. मानेत सात मणके, पाठीत बारा, कमरेत पाच, मग खाली सगळं चिकटलेलं. बोलताना त्याची बोटं हवेत मणके ओवत असायची. गावात हे त्याला कधी कुणाला सांगता आलं नव्हतं, आणि मला उठून जाता येत नव्हतं.

"पहिला मणका चुंभळीसारखा," एकदा म्हणाला. "बाया डोक्यावर हंड्याखाली ठेवतात ना, तशी. त्याच्यावर कवटी बसते. मान डोलवून हो म्हणतोस ते तिथनं. दुसऱ्या मणक्याला वर खुंटा असतो, जात्यात असतो तसा. पहिला त्याच्याभोवती फिरतो म्हणून न्हाय म्हणता येतं. तुझा तो खुंटा तडकलाय. अजून चार महिने कुणाला न्हाय म्हणू नको."

मी हसलो. हसलेलंही दुखलं.

श्रावणात उठलो. पोफळीची विरी, झावळीच्या बुडाचं ते चिवट आवरण, कापून गुणाजीनं मानेभोवती पट्ट्यासारखी बांधून दिली. तोवर त्याच्यावर जातीची बैठक ठरली होती. मढ्यांची हाडं उकळणारा जातीत राहील की नाही, हा सवाल. त्याची मुलगी रंगू नागावला दिलेली, लग्न मार्गशीर्षात. बाप वाळीत पडला तर लग्न मोडणार, हे उघड होतं.

त्याची बायको सोनाबाई आमच्या मागच्या दारी आली. "भावजी, एवढंच बोला, ह्यांच्या हातचं पाणी प्यालो म्हणून."

खरंच तेवढ्यानं भागलं असतं. माझ्या भावकीची अकरा घरं. प्यालो म्हणालो तर मीही बाटलो, आणि मला टाकायचं तर अकरा घरं टाकायला लागली असती. तेवढी बैठकीची छाती नव्हती. मी सोनाबाईला शब्द दिला.

देवळात सगळे बसले होते. कोंडाजी पाटलानं विचारलं, "हिरामण, गुणाजीच्या हातचं अन्नपाणी घेतलंस का?"

समोर भागोजी बसला होता, माझ्याकडंच बघत. त्याच्या मागं दहा घरांचे कर्ते. सकाळी भागोजी एवढंच म्हणाला होता की तुझ्या एका घोटापायी आमच्या पोरी घरात बसतील. लाज वाटते सांगायला, पण मी मान हलवली. डावीकडं, उजवीकडं. विरीच्या आत कळ आली ती थेट खांद्यापर्यंत.

"मान फिरवू नको, हिरामण," गुणाजी ओरडला. "कच्चा हाय तो अजून." उठून धावत आला, माझं डोकं धरायला दोन्ही हात पुढं केले. माझ्या कानांपाशी आलेले ते हात तिथंच थांबले. भोवती बघून त्यानं ते मागं घेतले.

रंगूचं लग्न मोडलं. दिवाळीआधी तिघंही मुंबईला गेली, परत कधी आली नाहीत.

माझी मान चांगली बरी झाली. दोन्हीकडं वळते.