नावाआधीचा क्रूस

जिवंतपणी स्वतःच्या नावाने इतक्या मेणबत्त्या लागलेला माणूस आमच्या सगळ्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे राहणारे फौजवाले काका ते हेच. मी माळ्याचा मुलगा, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. लिहिण्याचा सराव नाही, तेव्हा जमेल तसं सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत काका मिसर देशात लष्कराचे ट्रक चालवत होते. परत आले ते फौज बरोबर घेऊनच. वाळूत झिजतील म्हणून बूट गळ्यात अडकवून अनवाणी चालायचे आणि घरी पोचले की तेच बूट पायांत घालून ओटीवर बसायचे. विमानं येतील या धाकाने त्यांनी माडांच्या मधोमध खंदक खणून ठेवला होता. विमान कधी आलं नाही. पावसाळ्यात बेडूक आले, आणि एकदा आमची म्हैस आत पडली. माझे वडील भांडायला गेले तर काका शांतपणे म्हणाले, "तुझी म्हैस शिस्तीत चालत न्हाय, त्याला मी काय करू?" मग दोघांनी मिळून ती दोर लावून काढली आणि वर आल्यावर काकांनी तिला सलाम ठोकला. सलाम ते सगळ्यांनाच ठोकायचे. स्वातंत्र्य आलं तेव्हा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून शाळेच्या झेंडावंदनालाही गेले होते. "इंग्रजांचा शिपाई आला रे," असं कोणीतरी म्हणालं. तेव्हापासून दर वर्षी ते फाटकाबाहेरूनच झेंड्याला सलाम करायचे. आत या, असं म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

मेणबत्त्यांचं असं झालं. गावातली जी ख्रिस्ती माणसं लढाईवर गेली, त्यांची नावं कोरलेला एक दगड चर्चच्या भिंतीत बसवायचं ठरलं. जे परतले नाहीत, त्यांच्या नावाआधी क्रूस कोरायचा, असं चौलच्या पाथरवटाला सांगितलं होतं. त्या भल्या माणसाला वाटलं, ख्रिस्ती माणसाच्या नावाला क्रूस हवाच. कोणावर अन्याय नको म्हणून त्याने सगळ्यांनाच एकेक देऊन टाकला. परत आलेले बाकीचे नोकरीसाठी मुंबईला गेलेले, त्यामुळे भिंतीवर मेलेले आणि गावात हिंडणारे असे एकटे काकाच उरले. बाजारातली कोळीण म्हणायची, "मेलास तरी भाव करतोस? मुडद्याला बोंबील कशाला रे?" काका म्हणायचे, "वरती सुकं मिलत न्हाय, बाय." नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी लोक त्या दगडाखाली मेणबत्त्या लावत. प्रार्थना संपली की काका आपल्या वाटणीच्या विझवून घरी नेत. "माझ्या आत्म्यासाठीच लावल्यात ना? आत्मा घेऊन चाललाय."

दगड दुरुस्त करू, असं कोणी म्हणालं की मात्र ते चिडत. का, ते मला उशिरा कळलं. त्यांचा धाकटा भाऊ पास्कू मालवाहू बोटीवर खानसामा होता. लढाई सुरू झाली तेव्हा त्याला काकांबरोबर फौजेत जायचं होतं. काकांनीच त्याला अडवलं होतं, "बोटीवर जा, भटारखान्यात बसून पोटभर खा. गोळी लागायची न्हाय." गोळी लागली नाही खरी. बोट पाणसुरुंगाने बुडाली. कबर नाही, आणि तो शिपाई नव्हता म्हणून दगडावर नावही नाही.

एकदा कॉलेजच्या सुट्टीत मी घरी आलो असताना काका मला चर्चच्या कमिटीपुढे घेऊन गेले. "हा शिकलेला हाय, नीट बोलेल," असं म्हणाले आणि मग स्वतःच बोलले. "फादर, क्रूस हाय तसाच राहू दे. माझं नाव तेवढं खरवडा, तिथं पास्कूचं घाला. मी जिता हाय, मला काय करायचाय क्रूस?"

कमिटीतले म्हातारे मास्तर हसले. "अरे, पास्कू लढला कुठे? तो तर भजी तळत होता."

"बोट बुडाली तेव्हा पाण्यानं विचारलं न्हाय मास्तर, कोन लढतोय नि कोन तळतोय."

फादर म्हणाले, "विचार करू." 

विचार झाला तो असा. पुढच्या वर्षी बिशप येणार म्हणून चर्चला चुना लावला, आणि त्याच घाईत दगडावरच्या जिवंत माणसांचे क्रूस सिमेंटने बुजवून टाकले. मास्तर आनंदाने सांगत आले, "घे, जिवंत केलं तुला!" काका भिंतीपाशी गेले, बोटाने ते ओलं सिमेंट चाचपलं. "मला इचारायचं तरी," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कोणालाच सलाम केला नाही. पुढे खंदकही त्यांनी स्वतःच बुजवला. आता त्या जागी काकींनी तोंडली लावलीत, आमची म्हैस ती खाते, आणि भांडायला काका नाहीत.

काका गेले तेव्हा मी परीक्षेत होतो. सुट्टीत आल्यावर काकींबरोबर चर्चमागच्या दफनभूमीत गेलो. काकांच्या मातीवर लाकडी क्रूस होता आणि त्यावर काळ्या रंगात नाव होतं पास्कूचं.

"त्यांनीच रंगवून माळ्यावर ठेवला होता," काकी म्हणाल्या. "मला शपथ घातली, दुसरं नाव घालायचं न्हाय."

"आणि काकांचं नाव?"

"ते हाय की भिंतीवर."

परतताना चर्चच्या दारात नवे फादर भेटले. नुकतेच बदलून आले होते, मोठे उत्साही होते. दगडावरच्या काकांच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "यांच्या नावाआधी क्रूस दिसत नाही. म्हणजे हे आहेत ना अजून? मला भेटायचंय त्यांना."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "इथेच असतात, फादर. भावापाशी."